खिद्रापूरचा स्वर्गमंडप तुकड्यातुकड्यांनी: फोटो-कोलाज करण्याची सविस्तर कृती

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप एका फोटोत मावत नाही. वर छताला सुमारे १३ फूट व्यासाचं गोल मोकळं आकाश, खाली जवळपास तेवढ्याच मापाची गोल दगडी रंगशिळा, तिच्या कडेने १२ खांब आणि मंडपातले सगळे मिळून ४८. वाइड अँगल लावला की कडेचे खांब बाहेर झुकतात आणि वरचं गोल लांबुळकं होतं. पॅनोरमा काढला तर आकाश किंवा शिळा, दोघांपैकी एक हमखास सुटतं. मंडपात उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोन्ही दिसतात, कारण तो मान फिरवतो. फोटो-कोलाजमध्ये हे मान फिरवणंच कागदावर आणायचं असतं.

ही पद्धत नावारूपाला आली ती ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी याच्यामुळे. १९८२ मध्ये त्याने पोलरॉइड (कॅमेऱ्यातून लगेच छापून बाहेर येणारे) फोटो एकाला एक लावून मोठी चित्रं करायला सुरुवात केली. पोलरॉइडला पांढरी कड असल्यामुळे ती चित्रं खिडकीच्या तावदानांसारखी चौकटीत बसत. पुढे तो साध्या लॅबमधल्या प्रिंटा एकमेकींवर चढवून चिकटवू लागला आणि चौकट मोडली. आपण करणार आहोत ते हे दुसऱ्या प्रकारचं काम.

फोन आपोआप जोडून देतो तो पॅनोरमा आणि हे कोलाज यांचा स्वभाव उलटा आहे. पॅनोरमाला सांधे लपवायचे असतात. इथे सांधे दिसायला हवेत. एकच खांब तीन फोटोंत तीन जाडीचा आला तरी तो चुकला असं समजू नका, तुम्ही त्याच्याकडे तीनदा पाहिलं एवढंच ते सांगतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले त्या कोल्हापूरला एका बिंदूतून दिसणारं दृश्य नवीन नाही. रंगवलेल्या पडद्यावरचा महाल समोरच्या मधल्या खुर्चीतून सगळ्यात खरा वाटतो, बाजूच्या खुर्चीत गेलं की तो तिरपा होतो. कोलाजमध्ये अशी मधली खुर्चीच नसते.

जागा आणि परवानगी

कोल्हापुरात आतून बघण्याजोग्या वास्तू कमी नाहीत, पण कॅमेरा सगळीकडे चालत नाही. अंबाबाईच्या मंदिरात आत फोटो काढता येत नाहीत. नवीन राजवाड्याच्या संग्रहालयातही आत मनाई असते, त्यामुळे दरबार हॉलचं कोलाज करायची इच्छा मनातच ठेवावी लागते. केशवराव भोसले नाट्यगृह तर ऑगस्ट २०२४ च्या आगीत आतून जळून गेलं. ज्यांच्याकडे त्या प्रेक्षागृहाचे जुने फोटो असतील त्यांनी ते एकत्र करून, वेगवेगळ्या खुर्च्यांवरून दिसलेलं नाट्यगृह जुळवायला हरकत नाही. तो वेगळा आणि मोठा प्रकल्प आहे, पण पुढची मांडणीची कृती त्यालाही लागू पडेल.

स्वर्गमंडपाची सोय अशी की तो आत असूनही उघडा आहे, आणि फोनने किंवा हातातल्या साध्या कॅमेऱ्याने फोटो काढणारे तिथे नेहमी दिसतात. मंदिर संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते, म्हणून तो नेऊच नका. कोलाजला त्याची गरजही नाही, हात थोडा हललेला बरा. फ्लॅश बंद ठेवा. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याआधी पुजाऱ्यांना विचारा आणि नाही म्हणाले तर तो विषय तिथेच सोडा.

खिद्रापूर शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी आहे, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. जयसिंगपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड असा रस्ता. वाडीला बासुंदी खायची असेल तर ती परतताना खा. जाताना थांबलात तर उजेड निघून जातो. भर पावसाळ्यात जाऊ नका. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती, आणि एरवीही ढगाळ उजेडात मंडपाचा काळा बेसॉल्ट सपाट दिसतो.

उजेड कधी कुठे पडतो

छताच्या वर्तुळातून उन्हाचा एक गोल आत उतरतो आणि दिवसभर सरकत राहतो. तो कुठे हवा हे आधी ठरवा, कारण तारीख त्यावर अवलंबून आहे.

खिद्रापूरचा अक्षांश साधारण १६.७ अंश. मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी शून्य सावली दिवसाच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी उन्हाचा गोल थेट रंगशिळेवर बसतो. ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणजे हाताशी राहतो तो मे. हे दृश्य भारी असतं, पण कोलाजसाठी ते मला फार उपयोगाचं वाटत नाही. खाली एक पांढराफेक गोल आणि भोवती सगळा अंधार, एवढंच हाती लागतं. शिवाय त्या दगडावर अनवाणी उभं राहणं ही शिक्षा आहे. मेमध्ये जायचंच असेल तर जाड मोजे न्या.

डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला असतो आणि क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर चढतो. मग उन्हाचा गोल शिळेवरून घसरून उत्तरेच्या खांबांवर चढतो आणि खांबांचे गोल, चौकोनी, पैलूदार टप्पे एकेक करून उजळतात. काम करण्याजोगा उजेड तो हाच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी अकरा ते दुपारी दीड ही वेळ धरा.

त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र वर्तुळात येतो तेव्हा इथे गर्दी होते. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला जितका कललेला असतो साधारण तितकाच पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला असतो, म्हणून मध्यरात्री तो जवळपास माथ्यावर येतो. ती रात्र नुसती बघायला जा. हातात धरून चाळीस-पन्नास फोटो काढण्याइतका उजेड तेव्हा नसतो.

उभं कुठे राहायचं

सगळे रंगशिळेच्या मध्यावर उभे राहतात. तुम्ही राहू नका. मध्यावरून १२ ही खांब सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे फोटो एकसारखे येतात आणि मांडताना कुठला खांब कुठला तेच कळत नाही. शिळेच्या पूर्व कडेला, बाहेरच्या बाजूने या आणि पश्चिमेला तोंड करा. समोर शिळा, तिच्यापलीकडे सभामंडपाचं काळोखं दार, दोन्ही हातांना खांब आणि मान वर केली की तिरपं दिसणारं आकाशाचं वर्तुळ. जवळचे खांब मोठे आणि पलीकडचे लहान दिसतात, आणि कोलाजला खोली मिळते ती यातूनच. डिसेंबरचं ऊन उजव्या हाताच्या खांबांवर पडेल. सभामंडपाचा अंधार मधोमध येतो तो येऊ द्या, डोळ्याला विसाव्याची जागा लागतेच.

एकदा जागा ठरली की पाय हलवायचे नाहीत. कंबर, खांदे, मान काहीही फिरवा, पण पाऊल उचललं की जवळचा खांब मागच्या खांबाच्या तुलनेत सरकतो आणि मग पुढच्या फोटोंचा आधीच्यांशी सांधा लागत नाही.

कॅमेऱ्याची तयारी

फोन चालतो. फक्त मुख्य लेन्सऐवजी २ पट झूम घ्या. ते साधारण ५० मिमी लेन्सइतकं पडतं आणि डोळ्याला जे मोजमाप सरळ वाटतं त्याच्या जवळ जातं. अल्ट्रावाइड वापरलीत तर दहा फोटोंत काम उरकेल, पण प्रत्येक फोटोच्या कडा ताणलेल्या येतील आणि जुळवणी जमणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: उजेडाचं माप सगळ्या फोटोंसाठी एकच ठेवायचं. फोन दर फोटोला नवा हिशोब करतो. अंधाऱ्या दाराकडे वळवला की सगळं उजळ करतो, आकाशाकडे वळवला की खांब काळे करतो, आणि शेजारशेजारचे दोन फोटो दोन वेगळ्या दिवशी काढल्यासारखे दिसतात. म्हणून सावलीतल्या एखाद्या खांबावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होऊ द्या, मग पट्टी किंचित खाली ओढा. बेसॉल्ट काळा आहे आणि कॅमेरा त्याला करडा करायला बघतो. एचडीआर (अंधार-उजेडातला फरक आपोआप कमी करणारी सोय) बंद करता येत असेल तर करा. लेन्स बदलली किंवा ॲप बंद झालं तर लॉक सुटतं, हे ध्यानात ठेवा आणि मध्येच आलेला फोन घेऊ नका.

कॅमेरा असेल तर मॅन्युअल मोड, एफ ८, आयएसओ ८०० पासून सुरुवात करा आणि शटर जागेवर बघून ठरवा. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर खिळवा. ऑटोवर सावली कधी निळी, कधी तपकिरी येते.

आकाशाचं वर्तुळ या मापात पांढरं जळून जाईल. त्यासाठी शेवटी वेगळा फेरा करायचा.

फोटो काढण्याचा क्रम

फोन उभा धरा. २ पट झूमला उभ्या फोटोत आडवे साधारण २८ अंश आणि उभे ३८ अंश येतात. शेजारच्या फोटोशी तीस टक्के चढ (एकमेकांवर येणारा भाग) ठेवला तर दर फोटोला आडवं २० अंश आणि दर ओळीला उभं २७ अंश सरकायचं. डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत १८० अंश, म्हणजे एका ओळीत नऊ फोटो. पायाच्या बोटांपासून माथ्यापर्यंत सहा ओळी. वरच्या दोन ओळींत फोटो कमी लागतात, कारण माथ्याच्या जवळ थोडं फिरलं तरी दिशा खूप बदलते: पाचव्या ओळीत सहा, सहाव्यात तीन पुरतात. एकूण ४५. अंश मोजत बसू नका. आधीच्या फोटोच्या उजव्या कडेजवळचं एखादं ठळक चिन्ह, खांबाचा कणा किंवा दगडाचा सांधा, पुढच्या फोटोच्या डाव्या तिसऱ्या हिश्श्यात आणत चला.

खालून सुरुवात करा. पहिल्या ओळीत स्वतःचे पाय येऊ द्या. अनवाणी पाय आणि दगड यांचा एक फोटो कोलाजच्या तळाला असला की बघणारा तुमच्या जागी येऊन उभा राहतो. ओळ संपली की तळहाताचा एक फोटो काढा. घरी पन्नास काळे दगड बघताना ओळ कुठे संपली ते या तळहातावरूनच कळतं.

खालच्या ओळी पटापट उरका. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तुम्ही पाव तास घेतलात तर उन्हाचा गोल हललेला दिसेल. थोडा हलला तर छान. पण एक ओळ अकरा वाजता आणि तिच्या वरची बारा वाजता काढली तर उन्हाचे दोन गोल तयार होतात आणि ते हेतुपुरस्सर वाटत नाहीत.

मध्ये माणसं आली तर थांबू नका. आजी दाराकडे चालत निघाली असेल तर ती तीन फोटोंत तीनदा येईल आणि मंडपात वेळ शिरेल. चेहरा ओळखू येईल इतका जवळ असेल तर मात्र विचारून घ्या.

आता वर. छताच्या कडेला आतल्या अंगाने कार्तिकेय आणि वाहनांसह अष्टदिक्पाल कोरले आहेत. पाचवी-सहावी ओळ लॉक केलेल्या मापातच एकदा काढा. मग लॉक सोडून आकाशाच्या कडेवर नवं माप घ्या, साधारण दोन-तीन स्टॉप अंधारं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि त्याच दोन ओळी पुन्हा काढा. घरी दोन्ही संच समोर ठेवून निवडता येतं. मला दोन्हींची सरमिसळ आवडते: मूर्ती उजळ संचातल्या, आकाश अंधाऱ्या संचातलं, आणि बदल नेमका दगडी कडेवर.

हे सगळं झालं की मग पाय हलवा. रंगशिळा ओलांडून दोन-तीन तपशिलांजवळ जा आणि त्यांचे जवळून फोटो घ्या: एक दिक्पाल, एका खांबाचा झिजलेला पैलू, शिळेची कड. हे कोलाजमध्ये मापाबाहेर मोठे दिसतील आणि तसेच हवेत, कारण आवडलेल्या गोष्टीकडे माणूस जवळ जाऊनच बघतो. पण तीनच्या वर नको. पुढे चित्राचा माहिती-फलक होतो.

प्रिंट

४ × ६ इंचाच्या साध्या प्रिंटा काढा, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात चमकतो आणि भिंतीवर लावल्यावर दिव्याचे ठिपके दिसतात.

लॅबमध्ये दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. पहिली, कलर करेक्शन बंद. लॅबचं मशीन प्रत्येक फोटो आपल्या मनाने उजळ-गडद करतं, आणि मंडपात धरून ठेवलेलं एकच माप पाच मिनिटांत वाया जातं. दुसरी, फोटो कापू नका, पांढरी पट्टी राहिली तरी चालेल. फोनचा फोटो ३ × ४ प्रमाणात असतो. तो ४ × ६ मध्ये भरून बसवला तर रुंदीतला दहावा हिस्सा जातो आणि नेमका तोच आपला चढ असतो. पांढरी पट्टी घरी कटरने काढा. कॅमेऱ्याच्या २ × ३ फोटोंना ही अडचण नाही.

प्रिंटांच्या मागे क्रमांक घाला. या कागदाच्या पाठीवर पेन्सिल नीट उमटत नाही, परमनंट मार्कर लागतो. शाई वाळल्याशिवाय एकावर एक ठेवलंत तर मागचा आकडा पुढच्या फोटोवर उठतो.

मांडणी

जमिनीवर पांढरी चादर अंथरा, पंखा बंद करा. ४५ फोटो तीस टक्के चढवून मांडले तर साधारण २६ × २४ इंच जागा घेतात, पण कोलाज कधी सरळ चौकोनात थांबत नाही. तीन फूट लांबी-रुंदीचा बोर्ड धरा.

मांडणी पायांपासून सुरू करू नका. तिसऱ्या ओळीपासून करा, कारण त्या ओळीत सभामंडपाचं दार आणि खांबांचे मधले भाग येतात, आणि ती डोळ्यांच्या उंचीची असल्यामुळे सगळ्यात कमी वाकडी असते. ती बसली की तिच्या खाली-वर वाढत जा. प्रत्येक सांध्याला एकच गोष्ट जुळवायची. खांबाची कड जुळवलीत तर मागचा दगड जुळणार नाही, तो सोडून द्या. सगळंच जुळवायचा हट्ट धरला की फोटो तिरके करत जावं लागतं आणि तासाभराने पूर्ण मंडप एका बाजूला कललेला असतो.

वर कुठला तुकडा आणि खाली कुठला, हे खोली ठरवतं. जवळच्या खांबाचा फोटो लांबच्या खांबावर चढवा. दार सगळ्यांच्या खाली दाबा. शंका आली तर गडद तुकडा खाली. जास्तीचे फोटो काढून टाकायला घाबरू नका, आणि दोन-चार ठिकाणी भोक राहिलं तरी भरू नका, बोर्डाचा रंग दिसू द्या. त्यासाठी बोर्ड पांढरा नको. करडा किंवा काळा घ्या.

खरी कसोटी वरच्या वर्तुळाची. तुमच्या भोवती घुमटासारखी पसरलेली जागा सपाट कागदावर आणायची आहे आणि ती फाडल्याशिवाय येत नाही, संत्र्याची साल सोलून टेबलावर दाबली की फाकते तशी. मग दोन रस्ते. एक, पाचव्या ओळीचे सहा फोटो पंख्यासारखे तिरके करत वर्तुळाभोवती फिरवायचे, म्हणजे आकाश एकसंध राहतं पण त्याच्या खालचे खांब एकमेकांपासून फाकतात. दोन, खांब सरळ उभे ठेवायचे आणि आकाशाचा तुकडा प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा येऊ द्यायचा. पहिला रस्ता देखणा आहे. दुसरा अनुभवाला जास्त प्रामाणिक आहे, कारण प्रत्येक खांबावरून नजर वर नेली की शेवटी ते एकच आकाश लागतं. मी दुसरा घेतो, आणि सहाव्या ओळीतला एकच फोटो, ज्यात कड सगळ्यात जास्त दिसते तो, मधोमध सगळ्यांच्या वर ठेवतो. तुम्ही दोन्ही मांडून फोनने फोटो काढा, रात्रभर जाऊ द्या आणि सकाळी बघून ठरवा.

संगणकावर जुळवणी करायची तर प्रत्येक फोटो वेगळ्या लेयरवर ठेवून हाताने सरकवा. आपोआप जोडणारी सोय वापरली तर ती पॅनोरमाच करून देईल. तुकड्यांखाली खोटी सावली टाकू नका. ती लगेच ओळखू येते.

चिकटवणं आणि चौकट

फेव्हिकॉलसारखा पाण्याचा डिंक इथे चालत नाही. फोटोकागदाच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा थर असतो, पाणी त्यातून सुकत नाही, मग ते बोर्डात शिरतं आणि बोर्ड वाकतो. पातळ डबल टेप घ्या. आधी सगळे फोटो मास्किंग टेपच्या लहान तुकड्यांनी तात्पुरते टाचून बोर्ड उभा करा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. जमिनीवर बरं वाटलेलं बरंच काही उभं केल्यावर खटकतं. मग सगळ्यात खालच्या थरापासून एकेक उचलून पक्कं करा. कडा पूर्ण चिकटवू नका, मध्ये दोन पट्ट्या पुरे. कडा किंचित उचललेल्या राहिल्या की खरी सावली पडते.

फ्रेमवाल्याला काच आणि फोटो यांच्यामध्ये पट्टी टाकायला सांगा, निदान अर्धा इंच. नाहीतर कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटतात आणि मग सुटत नाहीत. मागून प्लाय आणि कडेने टेप हवाच.

टांगताना चौकटीचा मध्य बघू नका. तिसरी ओळ, म्हणजे सभामंडपाचं दार, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. मग आकाशासाठी मान थोडी वर करावी लागते आणि स्वतःचे पाय बघायला खाली. भिंतीवर समोरून खिडकीचा उजेड येत असेल तर दुसरी भिंत निवडा.